‘बेरोजगार युवक’ आणि ‘घरीच असणारी’ मुलगी



‘बेरोजगारी : एक ज्वलंत समस्या’ हा निबंध लिहिला नाही असा मराठी माध्यमाचा विद्यार्थी शोधूनही सापडायचा नाही. परीक्षेत नाही तर वक्तृत्व स्पर्धेत, कुठे ना कुठे तो लिहावाच लागतो. आता एक गंमत बघा. वहीतला तो निबंध काढा आणि त्यातला बेरोजगार कोण आहे ते पाहा. हातात पदव्यांची भेंडोळी घेऊन तो फिरतो, कार्यालयांचे उंबरठे झिजवतो, कट्ट्यावर बसतो, निराश होतो, व्यसनाच्या आहारी जातो. सगळीकडे तो ‘तो’च असतो. बी.ए. होऊन तीन वर्षं घरात असलेली, सकाळी सगळ्यांचे डबे करून देणारी, कुठे जागा निघाली म्हटलं की कान टवकारणारी मुलगी त्या निबंधात येत नाही.

दोष तुमचा नाही. आपण बोलतोच तसं. पाहुणे विचारतात, मुलगा काय करतो? उत्तर येतं, सध्या बेकार आहे, नोकरी शोधतोय. मुलगी काय करते? उत्तर येतं, काही नाही, घरीच असते. दोघांचं शिक्षण सारखं, दोघांच्या हाताला काम नाही. पण एक ‘बेकार’ आणि दुसरी ‘घरी’. ‘बेकार’ म्हटलं की घरादाराला काळजी लागते, काका-मामा ओळखी शोधायला लागतात. ‘घरी’ म्हटलं की सगळे निवांत. मराठीत ‘बेकार मुलगी’ असा शब्दप्रयोगच आपण करत नाही, आणि केलाच तर त्याचा अर्थ भलताच होतो.

हा नुसता भाषेचा खेळ नाही. मोजणीतसुद्धा हेच घडतं. केंद्र सरकार दरवर्षी श्रमबल सर्वेक्षण करतं. त्यात बेरोजगार कोणाला धरतात? ज्याच्याकडे काम नाही, पण जो काम शोधतो आहे किंवा मिळालं तर करायला तयार आहे, त्याला. जी शोधतच नाही ती बेरोजगार नव्हे, ती श्रमबलाच्या बाहेर. म्हणजे ‘घरचे पाठवणार नाहीत’ म्हणून जिने अर्ज करणंच सोडलं, ती सरकारच्या बेरोजगारीच्या आकड्यातून अलगद गळून पडते. जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षाच्या पाहणीनुसार देशातल्या शहरी भागात १५ वर्षांवरच्या दर १०० बायकांमागे फक्त २८ जणी श्रमबलात होत्या. शहरी पुरुषांचं हेच प्रमाण १०० मागे सुमारे ७६. आणि ज्या तरुण मुली श्रमबलात टिकून होत्या, म्हणजे काम शोधत तरी होत्या, त्यांच्यात बेरोजगारी मुलग्यांपेक्षा बरीच जास्त. शहरातल्या १५ ते २९ वयोगटात मुलींचा बेरोजगारीचा दर २० टक्क्यांच्या आसपास, मुलग्यांचा १३ च्या आसपास.

खेड्यात काय? ग्रामीण बायकांचं श्रमबलातलं प्रमाण जवळजवळ ४८. म्हणजे शिक्षण, बस, कॉलेजं, कंपन्या सगळं शहरात, आणि कामाच्या जगात बायका जास्त खेड्यात! शेतीचं काम त्यात मोठं आहे हे खरं. पण हे एकच कारण नाही. त्याकडे पुढे येतोच.

भाऊ आणि बहीण, दोन योजना

२०२४ च्या पावसाळ्यात आपल्या राज्यात दोन योजना पाठोपाठ आल्या. पहिली ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना’. २८ जून २०२४ चा शासन निर्णय. वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, महिन्याला १,५०० रुपये थेट बाईच्या खात्यात. तिचा मोठा शुभारंभ आपल्या पुण्यातच, बालेवाडीच्या क्रीडा संकुलात, १७ ऑगस्ट २०२४ ला झाला. दुसरी ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’, ९ जुलै २०२४ चा शासन निर्णय. वय १८ ते ३५. बारावी पास असेल तर महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविका असेल तर ८,०००, पदवीधर किंवा पदव्युत्तर असेल तर १०,००० रुपये विद्यावेतन. सहा महिने एखाद्या सरकारी कार्यालयात किंवा कंपनीत प्रत्यक्ष काम करत शिकायचं. पुढे मुदत ११ महिन्यांपर्यंत वाढवली.

दुसऱ्या योजनेचं नाव नीट वाचा. ‘युवा’ कार्य प्रशिक्षण. युवक नाही, युवा. त्यात युवतीही आली. योजना मुलगा-मुलगी दोघांना सारखीच खुली आहे. पण १७ जुलैला आषाढी एकादशीच्या दिवशी पंढरपुरात तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी तिचा उल्लेख लाडक्या भावासाठीची योजना असा केला. झालं! दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांत, मोबाईलवर, रिक्षाच्या मागच्या पोस्टरवर ‘लाडका भाऊ योजना’. मूळ नाव कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

एका टोपणनावाने एवढं काय बिघडतं, असं तुम्ही म्हणाल. बिघडतं. घरात आईने दोन बातम्या ऐकल्या. बहिणीला दीड हजार, भावाला सहा ते दहा हजार. तिने मुलीला पहिल्या योजनेच्या रांगेत उभं केलं आणि मुलाला दुसऱ्या योजनेचा फॉर्म भरायला सांगितलं. वर्गातल्या माजी विद्यार्थिनींना विचारलं तेव्हा ‘सर, ते मुलांसाठी आहे ना?’ हे उत्तर एकदा नाही, अनेकदा ऐकलं. या मुली बी.कॉम. झालेल्या, मोबाईलवर सगळं जग बघणाऱ्या. सरकारने मुलींना कुठेही मनाई केलेली नव्हती. नावाने केली.

आणि नावामागचा विचारही बघा. बहिणीला ओवाळणी, भावाला काम. एकीला मदत, दुसऱ्याला संधी. माझं मत स्पष्ट आहे : लाडकी बहीण योजनेचे पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात येतात ही चांगली गोष्ट आहे, अनेकींचं पहिलं चालू खातेपुस्तक त्यामुळे झालं. त्या पैशाला कोणी फुकटची खिरापत म्हटलं की मला राग येतो. पण बावीस वर्षांच्या पदवीधर मुलीला राज्याने आधी काय द्यायला हवं, दीड हजारांचा हप्ता की दहा हजारांचं प्रशिक्षण? तिला दोन्हीची दारं उघडी असताना एकाच दाराकडे बोट का दाखवायचं?

त्यात आणखी एक गुंता. लाडकी बहीण योजनेच्या मूळ अटींत असं आहे की, शासनाच्या दुसऱ्या आर्थिक योजनेतून महिन्याला १,५०० किंवा त्याहून जास्त लाभ मिळत असेल तर ही योजना मिळणार नाही. अट वाचली की घरात हिशेब सुरू होतो. सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी दरमहाचा हप्ता पणाला लावायचा का? प्रशिक्षण संपल्यावर तो परत सुरू होईल याची खात्री कोण देणार? सरकारी कागदावर दोन वेगळे विभाग, दोन वेगळ्या योजना; स्वयंपाकघरात मात्र त्या एकाच ताटात वाढल्या जातात.

सहा हजारांचा हिशेब

चला, गणित मांडू. धायरीची एक मुलगी. बारावी पास, लग्न झालेलं, तीन वर्षांचं मूल. शिवाजीनगरच्या एका कार्यालयात प्रशिक्षणाची जागा मिळाली. विद्यावेतन ६,००० रुपये. पीएमपीचा महिन्याचा पास १ जून २०२५ च्या भाडेवाढीत ९०० वरून १,५०० झाला. उरले ४,५००. (योगायोग बघा, लाडक्या बहिणीचा हप्ता आणि पीएमपीचा पास अगदी एकाच रकमेचे.) मूल कोणाकडे? सासू घरी असेल आणि तयार असेल तर ठीक. नसेल तर खासगी पाळणाघर, आणि पुण्यात त्याला काही हजार सहज जातात. अंगणवाडी आहे, पण ती काही तासांची, कार्यालय सायंकाळपर्यंतचं. आता हातात काय उरलं ते तुम्हीच काढा. वजाबाकीत उत्तर शून्याच्या जवळ आलं की घरचे म्हणतात, कशाला मग एवढी दगदग? तिला ‘आवड नव्हती’ म्हणून ती गेली नाही असं नंतर सांगितलं जातं.

तिच्या भावाचं गणित बघा. तोच पास, तेच विद्यावेतन. पाळणाघर नाही, परतल्यावर भाजी-पोळी नाही. शिवाय त्याच्याकडे बहुधा दुचाकी आहे. योजना एकच, पण त्याला ती पदरात काही टाकून जाते आणि तिला नाही.

राज्य परिवहनच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत आहे. बारामतीहून पुण्याला येणारी बाई अर्ध्या तिकिटात येते आणि स्वारगेटला उतरून पीएमपीत बसली की पूर्ण तिकीट काढते. पीएमपीने ८ मार्च २०१८ ला महिलांसाठी ‘तेजस्विनी’ बस सुरू केल्या. चांगलं केलं. गर्दीतल्या त्रासापासून सुटका हाही कामावर जाण्यातला मोठा प्रश्न आहे. पण तिकिटाचा प्रश्न राहिलाच.

आता वेळेचा हिशेब. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बाईची त्या कामातली दिवसाची सरासरी २८९ मिनिटं निघाली आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८ मिनिटं. पुरुषाची ती ८८ सुद्धा फक्त जे करतात त्यांची. बहुसंख्य पुरुष त्या दिवशी काहीच करत नाहीत. जवळजवळ पाच तासांचं काम आधीच अंगावर असलेल्या मुलीला आपण म्हणतो, ‘दहा ते सहा ये, आणि हजेरी चुकवू नकोस.’ अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण, बारा महिन्यांत विभागलेलं, असा पर्याय ठेवायला कोणी हरकत घेतली असती असं मला वाटत नाही. फक्त ते कोणाला सुचलं नाही, कारण डोळ्यांसमोर तो निबंधातला ‘तो’ होता.

आपल्याच राज्याने शोधलेला धडा

बायका सरकारी कामावर येत नाहीत, त्यांना संकोच वाटतो, घरचे सोडत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्राचाच इतिहास वाचावा. रोजगार हमी योजना ही आपल्या राज्याने देशाला दिलेली गोष्ट. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती. त्यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला ही कल्पना करून पाहिली. १९७२ च्या भीषण दुष्काळात ती राज्यभर गेली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम, हे त्याचं सूत्र.

आणि मागितलं कोणी? पाझर तलावांवर, नाला बंडिंगवर, रस्त्याची खडी फोडायला बायका अक्षरशः लोटल्या. तुमच्या आजीला विचारा, बहुतेक घरांत एखादी आठवण निघेल. त्याच बायका, त्याच सासवा, तोच डोक्यावरचा पदर. मग त्या बाहेर पडल्या कशा? दुष्काळाने ढकललं हे पहिलं कारण, ते लपवायचं नाही. पण दुष्काळ सरल्यावरही त्या येत राहिल्या, कारण योजनेची घडणच त्यांना सोयीची होती. काम घराच्या जवळ. शिक्षणाची, अनुभवाची अट नाही. मुकादमाची ओळख लागत नाही. मजुरी केलेल्या कामाच्या मापावर, म्हणून बाईला एक दर आणि बाप्याला दुसरा असं नाही. शेतावर मात्र तेव्हा बाईची मजुरी सर्रास कमी असायची. कामावर मुलांसाठी पाळणाघराची तरतूद. २००५ मध्ये केंद्राने देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा हे सगळं त्यात आलं, आणि भरही पडली : लाभार्थींमध्ये किमान एक तृतीयांश महिला हव्यात, काम पाच किलोमीटरच्या आत, लांब असेल तर १० टक्के जादा मजुरी, सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं कामावर असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईची नेमणूक, तिलाही मजुरी. एक तृतीयांश मागितलं होतं. देशात बायकांचा वाटा निम्म्याच्याही वर गेला.

सगळं गोडगोड होतं असं नाही. पाळणाघर अनेक ठिकाणी कागदावरच राहिलं, झाडाला बांधलेली झोळी हेच खरं पाळणाघर. हजेरीपटात गडबडी झाल्या, मजुरी महिनोन् महिने रखडली. पण दिशा बरोबर होती : आधी बाईच्या दिवसाकडे बघायचं आणि मग कामाची जागा, वेळ ठरवायची.

आणखी एक मजेची गोष्ट. या रोजगार हमीचा खर्च भागवायला राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर सुरू केला. तुमच्या आईबाबांच्या पगारपत्रकात महिन्याला २०० रुपये कापलेले दिसतात ना, तोच. म्हणजे पुण्या-मुंबईचे नोकरदार खेड्यातल्या बायकांच्या रोजगाराला पैसे देत आले. पण त्या पुण्या-मुंबईतल्याच वस्तीतल्या बाईला अशी हमी कधी मिळाली नाही. रोजगार हमी ग्रामीण भागापुरती. केरळने २०१० मध्ये शहरांसाठी हमी योजना सुरू केली, राजस्थानने २०२२ मध्ये. राजस्थानात शहरातल्या कामांवर बायकाच जास्त दिसल्या. योजनेची जननी असलेला महाराष्ट्र मात्र शहराच्या बाबतीत गप्प आहे.

पुण्याला हे जमणार नाही असंही नाही. कचरावेचक बायकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ इथे १९९३ मध्ये उभी राहिली आणि पुढे त्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करणाऱ्या या कामात बहुसंख्य बायका आहेत. ही बेरोजगार तरुणांची योजना नव्हे, आणि ते काम कष्टाचं, त्याला मिळणारा मान अजूनही अपुरा. तरी एवढं दिसतं की काम वस्तीजवळ असेल, वेळ सकाळची असेल आणि कामाचे पैसे हातात पडत असतील तर बायकांना ‘प्रवृत्त’ करायला शिबिरं घ्यावी लागत नाहीत.

कर्ज बाईच्या नावावर

नोकरी नाही तर स्वयंरोजगार करा, हा दुसरा सरकारी मार्ग. केंद्राचा ‘प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम’ २००८ पासून आहे, राज्याचा ‘मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम’ २०१९ पासून. दोन्हींत बाईला विशेष गटात धरतात. म्हणजे शहरात सर्वसाधारण पुरुषाला प्रकल्पाच्या १५ टक्के अनुदान तर बाईला २५. खेड्यात त्याला २५ तर तिला ३५. स्वतःचे पैसे त्याने १० टक्के घालायचे, तिने ५. समजा पुण्यात पाच लाखांचा मसाल्याचा उद्योग. तिचे स्वतःचे २५,०००, अनुदान सव्वा लाख. कागदावर यापेक्षा चांगलं काय हवं?

अडतं बँकेच्या काउंटरवर. जामीनदार कोण, मिस्टर काय करतात, घर कोणाच्या नावावर? छोट्या उद्योगाच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मागणारे तरीही मागतात आणि मुलींना नियम माहीत नसतो. मग दुसरी वाट निघते. अनुदान जास्त म्हणून अर्ज बायकोच्या नावावर, धंदा नवऱ्याचा. सही करायला तेवढी ती. असे अर्ज किती, हे कोणाही बँकवाल्याला खासगीत विचारा, तो हसेल. योजनेच्या अहवालात मात्र ती ‘महिला उद्योजक’. मुद्रा योजनेतही बायकांची संख्या दांडगी, कर्जखात्यांतली जवळजवळ दोन तृतीयांश खाती त्यांची. पण त्यातली बहुतेक कर्जं ५० हजारांच्या आतली. शिलाई मशीन येतं, पापडाचं यंत्र येतं. दुकानाचा गाळा येत नाही.

त्यामानाने ‘पिंक ई-रिक्षा’ मला जास्त प्रामाणिक योजना वाटते. २० टक्के राज्याचं अनुदान, १० टक्के बाईचे, ७० टक्के कर्ज. २०२५ मध्ये पुण्यात या रिक्षांचं वाटप झालं. रिक्षा चालवताना बाई दिसते किंवा दिसत नाही, इथे झाकायला जागा कमी. लाल महालाजवळच्या गर्दीत गुलाबी रिक्षा वळवणारी बाई पाहिली की शाळेतल्या मुली थांबून बघतात, हे मी पाहिलेलं आहे. रिक्षा स्टँडवर तिला जागा मिळते का, चार्जिंग कुठे, रात्री घरी जायची वेळ कोणती, हे प्रश्न अर्थातच आहेत.

इथे एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. १९७४ मध्ये पुण्याच्या टेल्को कंपनीने इंजिनिअर हवेत म्हणून जाहिरात दिली. खाली ओळ होती, महिला उमेदवारांनी अर्ज करू नयेत. बंगळुरूला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी नावाच्या विद्यार्थिनीने चिडून थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवलं. मुलाखतीला बोलावणं आलं, नोकरी मिळाली. याच पुढे सुधा मूर्ती. त्याच टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या कारखान्यात २०२२ मध्ये सुमारे दीड हजार मुलींची संपूर्ण असेम्ब्ली लाइन सुरू झाली. हॅरियर आणि सफारी या गाड्या त्या मुली जोडतात. पोस्टकार्ड लिहिण्याची हिंमत असलेली एखादीच असते. दीड हजार मुली मात्र हिमतीने येत नाहीत. कंपनीने ठरवून, आखून जागा केली म्हणून आल्या. सरकारी योजनांनी यातला कोणता भाग उचलायचा ते उघड आहे.

सदाशिव पेठेतल्या मुली

पुण्यात आणखी एक मोठा गट आहे, त्याच्याकडे योजना करणाऱ्यांचं लक्षच नाही. सदाशिव पेठ, नवी पेठ, शनिवार पेठ. अभ्यासिका, मेस, कॉट बेसिसवरच्या खोल्या. बीड, लातूर, नांदेड, धाराशिवहून आलेल्या हजारो मुली इथे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. १९९४ च्या महिला धोरणापासून राज्याच्या नोकऱ्यांत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे. त्या आरक्षणाने पोलीस ठाण्यापासून तहसील कचेरीपर्यंत चित्र बदललं, हे डोळ्यांना दिसतं. पण या मुलींची खरी मुदत आयोग ठरवत नाही, घर ठरवतं. ‘दोन वर्षं बघू, नाही तर स्थळं बघायला लागू.’ मुलाला तिसरा, चौथा, पाचवा प्रयत्न मिळतो.

यांना सहा महिन्यांचं कार्यालयीन प्रशिक्षण हा किती चांगला आधार झाला असता! सकाळी अभ्यासिका, दुपारी अर्धा दिवस एखाद्या क्षेत्रीय कार्यालयात काम, खोलीचं भाडं आणि मेस भागेल एवढे पैसे. शिवाय घरी सांगायला एक उत्तर. पण त्यासाठी पुन्हा तोच अर्ध्या दिवसाचा पर्याय हवा. आणि अकरा महिन्यांनी पुढे काय, याचंही उत्तर हवं. मुदत संपल्यावर या योजनेतल्या मुलामुलींना रस्त्यावर उतरून आंदोलनं करावी लागली. ‘आम्हाला कायम करा’ ही मागणी सरकारला परवडेल का हा वेगळा विषय. पण प्रशिक्षण संपल्यावर दारावर टकटक करायला निदान एक ठिकाण तरी हवं. मुलाला ते नाक्यावर मित्रांकडून कळतं. मुलीला कुठून कळणार?

माझ्या मते पुण्यापुरत्या चार गोष्टी तातडीने व्हाव्यात. प्रशिक्षणार्थी मुलींना पीएमपीचा पास मोफत, निदान निम्म्या दरात. मुलींना जागा देताना घराजवळची शाळा, दवाखाना, क्षेत्रीय कार्यालय आधी, लांबचं नंतर. आणि लग्न-बाळंतपणात गेलेली वर्षं धरून वयाची अट ३५ वरून ४० पर्यंत सैल. चौथी, पाळणाघर : महापालिकेच्या दुपारनंतर रिकाम्या पडणाऱ्या शाळाखोल्यांत ते सुरू करता येईल आणि तिथे सांभाळायलाही प्रशिक्षणार्थीच ठेवता येतील. पुणे महापालिकेत ५० टक्के जागा महिलांना राखीव आहेत. पाळणाघराचा ठराव मांडायला तेवढ्या नगरसेविका पुरेशा आहेत.

तोवर मुलींनो, तुमच्या हातात आहे ते करा. महास्वयम् संकेतस्थळावर नोंदणी स्वतः करा, भावाच्या मोबाईल नंबरवर करू नका; ओटीपी त्याच्याकडे गेला की अर्जही त्याच्याच हातात गेला. बँक खातं स्वतःचं, एकटीचं, आधारला जोडलेलं हवं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर आधार, गुणपत्रिका आणि पासबुक यांवरच्या नावांचा मेळ आधीच घालून ठेवा, कारण अर्ज सगळ्यात जास्त तिथेच अडकतात. रास्ता पेठेत कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे, शिवाजीनगरला शेतकी कॉलेजच्या आवारात जिल्हा उद्योग केंद्र आहे. एकटीने जायला अवघड वाटलं तर चौघी मिळून जा.

आणि ज्यांना प्रकल्पासाठी विषय हवा आहे त्यांच्यासाठी : माहितीच्या अधिकाराचा अर्ज साध्या कागदावर होतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. विचारा, पुणे शहरात युवा कार्य प्रशिक्षण योजनेत मुली किती रुजू झाल्या, मुलगे किती. त्यातल्या किती मुलींनी मुदत संपण्याआधी सोडलं. किती जणींना नंतर तिथेच काम मिळालं. आणि जागा देताना घरापासूनचं अंतर बघितलं होतं का. उत्तर आलं की वर्गात घेऊन या, आपण फळ्यावर मांडू.